आधी सांगा, त्याने केलं काय होतं?

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांमधे, गणपतीच्या जेवणात म्हणा किंवा कुणाच्या बेसमेंटमधल्या गप्पांमधे, एखाद्या काळ्या माणसाला पोलिसांनी अडवल्याची बातमी निघाली की वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक बाजू म्हणते तो पोलीस रेसिस्ट, ती तक्रार करणारी बाई रेसिस्ट, अख्खा देशच रेसिस्ट. दुसरी बाजू म्हणते उगाच काहीही बोलू नका, गुन्हे कोण करतं त्याचे आकडे बघा, हा रेसिझम नाही, कॉमन सेन्स आहे. मग त्या पोलिसाच्या मनात काय होतं यावर दोन तास जातात आणि शेवटी जो तो आपापलं मत घेऊन घरी जातो. मला वाटतं हा वादच चुकीच्या जागी चाललाय. संशय घेणाऱ्याचं मन स्वच्छ होतं की मळलेलं होतं ते कुणालाच कळणार नाही, ते बाजूला ठेवा. विचारायचे प्रश्न दोनच आहेत, ज्याच्यावर संशय आला त्याने नेमकं केलं काय होतं, आणि संशय खोटा निघाला तेव्हा त्याची किंमत कुणी भरली. या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला बसलं की अमेरिकेत काळ्या पुरुषांच्या वाट्याला रोज जे येतं तो अन्याय आहे हे कळतं, आणि त्यासाठी कुणाच्या मनात शिरावं लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं आधी नीट मांडतो, कारण माझ्या बाजूचे बरेच लोक ते ऐकूनच घेत नाहीत आणि तिथेच वाद हरतात. अमेरिकेच्या लोकसंख्येत काळे लोक साधारण १३ टक्के आहेत, आणि एफबीआयच्या आकडेवारीत ज्या खुनांमधे आरोपी कोण ते माहीत आहे त्यातले जवळपास निम्मे आरोपी काळे आहेत. हा आकडा कुणी रचलेला नाही. त्या खुनांमधे मरणारेही बहुतेक काळेच असतात, म्हणून तर अशा वस्त्यांमधल्या कितीतरी आया स्वतःच आमच्याकडे पोलीस वाढवा म्हणून मागे लागतात. मार्टिन ल्यूथर किंगच्या बरोबरीने काम केलेला जेसी जॅक्सनसारखा नेता १९९३ मधे जाहीरपणे बोलला होता की रस्त्याने चालताना मागे पावलं वाजली, लुटालुटीचा विचार मनात आला आणि वळून बघितल्यावर गोरा माणूस दिसला की सुटल्यासारखं वाटतं, आणि या वयात मला याच्याइतकं दुःख दुसऱ्या कशाचं होत नाही. तो काळा होता, उभं आयुष्य त्याने या लढ्यात घालवलं होतं, तरी भीती त्यालाही शिवली. मग रात्री अकरा वाजता गॅस स्टेशनच्या काउंटरवर एकटी उभी असलेली आपली एखादी ताई, जिचा गल्ला आधी एकदा लुटला गेलाय, तिला भीती वाटली तर मी तिला कुठल्या तोंडाने रेसिस्ट म्हणू? भीती खरी असते. ती कुणी हौसेने घेत नाही.

पण भीती खरी आहे म्हणून तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी इंजिनिअरिंगला प्रॉबॅबिलिटीचा पेपर दिलाय, तरी इथे आल्यावर एक साधी गोष्ट आपण विसरतो. खून करणारा माणूस काळा असण्याची शक्यता वेगळी आणि समोरून येणारा काळा माणूस खून करणारा असण्याची शक्यता वेगळी. या देशात काळे पुरुष आणि मुलगे मिळून दोन कोटींच्या वर आहेत, आणि वर्षभरात खुनाचे काळे आरोपी काही हजार. म्हणजे तुमच्या लिफ्टमधे शिरलेल्या माणसाने असलं काही केलेलं असण्याची शक्यता इतकी बारीक आहे की तिच्यावर पर्स घट्ट धरण्याइतकाही निर्णय उभा राहत नाही. आणि आकड्यांवरूनच संशय घ्यायचा असेल तर सगळीकडे तोच नियम लावा ना. २००८ मधे या देशातल्या लाखो लोकांची घरं बँकांच्या, कर्जांच्या ज्या धंद्याने बुडवली त्या धंद्यातले वरचे लोक जवळपास सगळे गोरे होते, त्यानंतर वॉल स्ट्रीटवर सूट घातलेल्या गोऱ्या माणसाला भिंतीला टेकवून त्याचे खिसे कुणी तपासले का?

भिंतीला टेकवून खिसे तपासणं हे मी उगाच म्हटलेलं नाही. न्यूयॉर्क शहराने हा प्रयोग खरोखर करून बघितला. १९६८ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की पोलिसाला काही ठोस कारणावरून संशय आला तर तो माणसाला थांबवू शकतो, वरवर चाचपू शकतो. त्यातून पुढे स्टॉप अँड फ्रिस्क नावाचा प्रकार वाढत गेला. २००४ पासून २०१२ च्या जूनपर्यंत न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना रस्त्यात थांबवलं, एकट्या २०११ मधे ६ लाख ८५ हजार वेळा. शहरात काळे लोक २३ टक्के, थांबवलेल्यांत ५२ टक्के. आणि हाती काय लागलं? दर शंभरातले ८८ जण अटक नाही, समन्स नाही, काहीच नाही असे सोडून दिले. ज्यांची झडती घेतली त्यांच्यातल्या दीड टक्का लोकांकडे कुठलंतरी हत्यार सापडलं. माझ्या दृष्टीने यातला महत्त्वाचा आकडा पुढचा आहे, थांबवलेल्या काळ्यांमधे हत्यार सापडण्याचं प्रमाण एक टक्का आणि गोऱ्यांमधे १.४ टक्के. याचा अर्थ सरळ आहे, गोऱ्या माणसाला थांबवायला पोलिसाला काहीतरी दिसावं लागत होतं आणि काळ्याला थांबवायला तो तिथे असणं पुरत होतं. २०१३ च्या ऑगस्टमधे न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी शहर हे ज्या पद्धतीने राबवतंय ते घटनाविरोधी आहे असा निकाल दिला. तेव्हा केवढी ओरड झाली होती की आता शहरात रक्ताचे पाट वाहतील. २०१७ पर्यंत स्टॉप्स बारा हजारांच्या आत आले आणि खून २०११ मधे ५१५ होते ते २९२ झाले. स्टॉप्स कमी केल्यामुळे खून कमी झाले असं मी म्हणणार नाही, गुन्हे कमी व्हायला शंभर कारणं असतात. पण लाखो लोकांना रोज अडवल्याशिवाय शहर सुरक्षित राहणार नाही हे जे छातीठोकपणे सांगत होते ते साफ चुकले, एवढं तरी त्यांनी मान्य करायला हवं.

आकडेवाल्यांना मला आणखी एक गोष्ट विचारायची असते. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात केलेला एक अभ्यास २००३ मधे प्रसिद्ध झाला. शिक्षण, अनुभव, बोलणं-चालणं सारखं असलेले गोरे आणि काळे तरुण साध्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवले, त्यातल्या काहींनी अर्जात लिहायचं की मी ड्रगच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलोय. गुन्हा नसलेल्या गोऱ्यांना ३४ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं. तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्यांना १७ टक्के. आणि कधीच काही न केलेल्या काळ्यांना १४ टक्के. परत वाचा हे. मालकांना खरंच गुन्हेगाराची भीती असती तर समोर तोंडाने गुन्हा कबूल करणारा माणूस मागे पडला असता, इथे तर तोच पुढे गेला. मग कॉमन सेन्स कॉमन सेन्स म्हणतात तो नक्की कशाचा?

आणि हे आकडे येतात कुठून तेही बघायला हवं. गांजा ओढण्याचं प्रमाण काळ्या आणि गोऱ्या अमेरिकनांमधे साधारण सारखंच असल्याचं सरकारी पाहण्या सांगतात, पण नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संस्थेच्या २०१३ च्या अहवालानुसार गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता काळ्या माणसाला पावणेचार पट जास्त होती. जिथे शोधाल तिथे सापडतं, सापडलेलं मोजलं जातं, आणि मोजलेलं दाखवून परत तिथेच शोधायला जातात. मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. १८७१ मधे इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, पुढे तो कायदा मुंबई इलाख्यात आला, सोलापूरला कुंपणाच्या आत वसाहत झाली, आपली माणसं तिथे हजेरी देत राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. पण आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळते हे आपल्याला माहीत नाही का? पोराला उचलून नेलं, मारलं, सोडलं, आणि पुढच्या वेळी हा आधीही एकदा संशयित होता म्हणून परत उचललं, अशी ती नोंद वाढत जाते. ज्यांना यातला अन्याय कळतो त्यांना अमेरिकेतला अन्याय समजायला अडचण पडू नये.

इतिहास तिथेही तसाच आहे, आणि तो फार जुना नाही. १७१३ मधे न्यूयॉर्कने नियम केला होता की काळ्या किंवा मूलनिवासी गुलामाने अंधार पडल्यावर हातात पेटता कंदील घेतल्याशिवाय एकट्याने रस्त्यावर यायचं नाही, कारण तो दिसला पाहिजे. दक्षिणेत गस्तीच्या टोळ्या असायच्या, रस्त्यात कुठलाही काळा माणूस दिसला की मालकाची चिठ्ठी दाखव. १८६५ मधे गुलामी संपली आणि त्याच वर्षी मिसिसिपीने कायदा केला की मुक्त झालेल्या माणसाने दर जानेवारीत आपल्याला काम आहे याचा लेखी पुरावा दाखवायचा, नाहीतर तो भटक्या म्हणून गुन्हेगार. जोतीराव फुल्यांनी १८७३ मधे ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांची सुटका केल्याबद्दल. जोतीरावांनी ज्या मोठ्या मनाने ते केलं ते वाचून आजही भरून येतं, आणि तिकडे मात्र चिठ्ठी दाखव हा प्रकार नाव बदलून चालूच राहिला होता. इथे का आलास, इथे राहतोस का, ही गाडी तुझीच का, हे प्रश्न तेव्हाचेच आहेत.

आता समजूतदार लोक एक वेगळा मुद्दा मांडतात आणि तो मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. ठीक आहे, चुकून थांबवलं, पाच मिनिटं गेली, सॉरी म्हणून सोडलं, त्यात एवढं काय? सुरक्षेसाठी सगळ्यांनाच थोडा त्रास होतो. पण सगळ्यांना कुठे होतो? आमच्या ऑफिसातला एक सहकारी आहे, पन्नाशीचा, डेटाबेसमधला बाप माणूस, काळा. त्याच्याबरोबर दुकानात गेलो तेव्हा बघितलं, च्युइंगगम घेतलं तरी तो पिशवी मागतो आणि पावती गाडीत बसेपर्यंत हातात ठेवतो. दुकानात असताना हात खिशात घालत नाही. गाडीचे कागद ग्लव्ह बॉक्समधे ठेवत नाही, डोक्यावरच्या पट्टीत रबर लावून ठेवतो, कारण पोलिसाने थांबवलं तर हात खाली न्यावा लागू नये. हे सगळं तो इतक्या सवयीने करतो की मी विचारेपर्यंत त्याला स्वतःला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि मुलाला गाडी शिकवताना ब्रेक आणि क्लचच्या आधी हेच शिकवलं म्हणाला. पाच मिनिटांचा त्रास तुम्ही ज्याला म्हणता तो या माणसाच्या जन्माला पुरून उरलाय. ब्रेंट स्टेपल्स नावाचे पत्रकार, पुढे न्यूयॉर्क टाइम्समधे गेले, ते शिकागोला शिकत असताना रात्री चालताना शिट्टीवर व्हिवाल्डी वाजवायचे, म्हणजे समोरून येणाऱ्यांना वाटावं हा सुशिक्षित आहे, घाबरायला नको. लोकांची भीती लोकांना, आणि ती घालवायचं काम मात्र त्याला! ओबामांनी २०१३ मधे राष्ट्राध्यक्ष असताना सांगितलं की रस्ता ओलांडताना गाड्यांच्या दारांचे लॉक खट्कन लागल्याचा आवाज आपणही ऐकलाय.

२०१८ च्या एप्रिलमधे फिलाडेल्फियात स्टारबक्समधे दोन काळे तरुण कामाच्या मीटिंगसाठी तिसऱ्या माणसाची वाट बघत बसले होते. ते आत आल्यापासून दोन-तीन मिनिटांत पोलिसांना फोन गेला. हातकड्या घालून नेलं. तो तिसरा माणूस तेवढ्यात पोचला आणि अरे यांनी केलं काय म्हणून विचारत राहिला. कॉफी शॉपमधे काही न मागवता वाट बघत आपण सगळे बसलोय, मी कितीतरी वेळा बसलोय, लॅपटॉप लावून वर त्यांची वीजही वापरलीये. कंपनीने पुढे एक दुपार ८,००० दुकानं बंद ठेवून ट्रेनिंग दिलं.

आणि दर वेळी हातकड्यांवर भागत नाही. मिनेसोटात एका शाळेच्या कँटीनमधे काम करणारा ३२ वर्षांचा माणूस होता, मुलांची नावं आणि कुणाला दूध चालत नाही ते लक्षात ठेवणारा. चौदा वर्षांत त्याला किमान ४६ वेळा गाडीसह थांबवलं होतं, बहुतेक फुटकळ कारणांसाठी. २०१६ च्या जुलैमधे परत थांबवलं, आणि त्या पोलिसाने रेडिओवर सांगितलेलं कारण रेकॉर्डवर आहे, एका दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो, नाक रुंद आहे. नाक! काही मिनिटांत शेजारी मैत्रीण आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी असताना त्याला गोळ्या घातल्या. २०२० च्या फेब्रुवारीत जॉर्जियात दुपारी पळायला गेलेल्या २५ वर्षांच्या मुलाला तीन गोऱ्यांनी ट्रक घालून अडवलं आणि मारलं, आणि आम्ही नागरिक म्हणून चोर पकडत होतो हा त्यांचा बचाव ज्या कायद्यावर उभा होता तो १८६३ सालचा होता, गुलामीच्या काळातला. तो कायदा २०२१ मधे जॉर्जियाने रद्द केला. या दोघांनी मरायच्या आधी केलं काय होतं? एक गाडी चालवत होता, एक पळत होता.

आपल्या लोकांना वाटतं हे त्यांचं त्यांचं आहे, आपण डॉक्टर-इंजिनिअर, आपल्याला कोण विचारतं. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी घराबाहेर फिरत होते. शेजारच्या कुणीतरी फोन केला की एक काटकुळा काळा माणूस घरांकडे बघत हिंडतोय. इंग्रजी येत नाही एवढंच ते कसंबसं सांगत होते. पोलिसाने त्यांना जमिनीवर असं आपटलं की मणक्याला इजा होऊन त्यांना अर्धांगाचा झटका आल्यासारखं झालं. आपल्याकडे तेव्हा सगळे हळहळले, पण बऱ्याच जणांचा सूर असा होता की अरेरे, चुकून काळा समजले. म्हणजे खरंच काळा असता तर ते आपटणं बरोबर होतं का? एअरपोर्टवर दाढी बघून बाजूला घेतलं की हेच आपण घरी येऊन आठवडाभर चिडतो. आणि तिकडे २०१३ मधे गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, तर मेलेल्याचं राहिलं बाजूला, एका मंत्र्याने नायजेरियनांना कॅन्सर म्हटलं.

मग करायचं काय, लोकांची मनं बदलायची? ते होईल तेव्हा होईल, त्यासाठी थांबायची गरज नाही. नेक्स्टडोअर नावाचं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ॲप आहे, त्यावर ‘संशयित काळा माणूस दिसला’ एवढ्याच पोस्टचा सुकाळ झाला तेव्हा ओकलंडमधल्या लोकांनी मागे लागून २०१६ मधे त्यांना फॉर्म बदलायला लावला. माणसाचा वंश लिहायचा असेल तर कपडे, बूट, केस असलं दुसरं काही वर्णनही द्यायला हवं, आणि तो नेमकं काय करत होता ते लिहा. अशा पोस्ट ७५ टक्क्यांनी कमी झाल्या असं कंपनीने सांगितलं. एकाही माणसाचं हृदयपरिवर्तन झालं नव्हतं, फक्त संशय घेणाऱ्याला थोडं काम लावलं होतं. न्यूयॉर्क राज्याने २०२० च्या जूनमधे कायदा केला की कारण नसताना निव्वळ वंश बघून ९११ ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन केला तर ज्याच्यावर फोन केला तो कोर्टात जाऊ शकतो. यावर लोक म्हणतात की मग घाबरून कुणी फोनच करणार नाही आणि खरे चोर सुटतील. का सुटतील? ज्याने दार फोडताना बघितलं तो सांगेल दार फोडताना बघितलं. ज्याने किंकाळी ऐकली तो सांगेल किंकाळी ऐकली. अडचण फक्त त्याची होणार ज्याच्याकडे सांगायला माणसाच्या रंगाशिवाय काहीच नाही, आणि ती अडचण व्हायलाच हवी.

आपण रोज न्यू जर्सीच्या ज्या टर्नपाईकवरून, म्हणजे टोलच्या हायवेवरून, जातो त्याचंही ऐका. नव्वदच्या दशकात एका खटल्यात मोजणी झाली, तेव्हा तिथल्या गाड्यांमधे काळी माणसं असलेल्या गाड्या १३ टक्क्यांच्या आसपास आणि थांबवलेल्या गाड्यांत ३५ टक्क्यांच्या. १९९८ मधे बास्केटबॉलच्या कॅम्पला निघालेल्या चार काळ्या आणि लॅटिनो तरुणांच्या व्हॅनवर स्टेट पोलिसांनी ११ गोळ्या झाडल्या, मग राज्याने कबूल केलं की हो, हे होतं. १९९९ पासून दहा वर्षं कोर्टाच्या देखरेखीखाली स्टेट पोलिसांचा कारभार चालला. २००९ मधे देखरेख उठली. त्यानंतरच्या लाखो स्टॉप्सचा अभ्यास २०२३ मधे राज्याच्या ॲटर्नी जनरलनेच समोर ठेवला, आणि काळ्या-लॅटिनो ड्रायव्हरांच्या बाबतीतला फरक अजून तसाच असल्याचं त्यात निघालं. एडिसन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, या गावांमधे आता आपली मतं मोजण्याइतकी आहेत, काउन्सिलवर आपली माणसं बसतात. शाळेचं बजेट आणि दिवाळीची सुट्टी यासाठी आपण मीटिंगला जातो, बोलतो, भांडतो. त्याच मीटिंगमधे उभं राहून आपल्या गावच्या पोलिसांनी गेल्या वर्षी किती काळ्या ड्रायव्हरांना थांबवलं, कशासाठी थांबवलं आणि त्यातल्या किती जणांकडे काही सापडलं, हे विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.